शिफ्टखालचं गुलाबी मेण

सासरेबुवांनी नव्या दातांनी शीळ घातली आणि सगळी कबुतरं परत आली.

वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मी ते निवडून डिलीट केलंय. तरीही दिसत असेल तर डोळे एकदा दाखवून घ्या. आपण पुन्हा सुरुवातीला आलोय: सासरेबुवांच्या तोंडात एकही दात नाही, कबुतरं खुराड्यात बंद आहेत, आणि मी मामाच्या लॅबमध्ये कम्प्युटरसमोर उभा राहून घाम पुसतोय.

लॅब म्हटलं की लोकांना काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट दिसतात. आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. समोरच्या रस्त्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्या लोकांच्या तोंडाची मापं घेतात आणि आमच्याकडे पाठवतात. आमच्याकडे म्हणजे तिघांकडे. मामा मालक आहे आणि माझा सख्खा मामाही आहे, त्यामुळे तो मला पगार देतो आणि कानही पिळतो. ताई गुलाबी मेणात दात बसवते. तिच्यासमोर एक छोटी चूल, एक बोथट सुरी आणि कुणाचंतरी हसू कायम असतं. मी कम्प्युटर बघतो. माऊसला हात लावणं मला कमीपणाचं वाटतं, सगळं बोटांनी, फटाफट. म्हणून ताई मला शॉर्टकट म्हणते. कौतुकानं म्हणते असं मी धरून चाललोय.

आता सासरेबुवा. ते रेल्वेत गार्ड होते. शेवटच्या डब्यात उभं राहायचं, हिरवा झेंडा दाखवायचा, शिट्टी फुंकायची, की अख्खी गाडी हलायची. उभं आयुष्य ज्याच्या एका फुंकरीवर हजार माणसं हलली, तो माणूस निवृत्त होऊन घरी आला आणि त्याच्या सांगण्यावरून पंख्याचं बटणसुद्धा कुणी बंद करेना. मग त्यांनी गच्चीवर कबुतरं पाळली. सरकारी शिट्टी जमा करावी लागली होती, पण वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये त्यांना जन्मजात फट होती. त्या फटीतून ते अशी काही शीळ घालत की तीन इमारती पलीकडे गेलेली कबुतरं वळून, रांगेत, वेळापत्रकाप्रमाणे घरी येत. आल्यावर सासरेबुवा मनगटावरच्या घड्याळात बघत. एखादं मागं राहिलं तर त्याला कारण विचारत.

मग हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळे काढावे लागतील.

"काढा," सासरेबुवा म्हणाले, "पण नवे असेच पाहिजेत. फटीसकट. एक केसभरही इकडेतिकडे नको. कबुतरांचा कान फार तिखट असतो."

"काळजी करू नका बाबा," मी म्हणालो. हे मी म्हणायला नको होतं. "काढायच्या आधी आपण तुमच्या दातांचं स्कॅन करू. फाइल माझ्याकडे. कितीही वर्षांनी तेच दात पुन्हा बनतील. घरचंच काम आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या नजरेत मला जागा मिळाली, उभं राहण्यापुरती का होईना.

स्कॅन झालं. दात निघाले. हिरड्या भरेपर्यंत थांबायचं ठरलं, आणि तोवर कबुतरं खुराड्यातच ठेवायचं सासरेबुवांनी ठरवलं, कारण बोलवता येत नसताना सोडायचं कसं? म्हणजे त्या माणसाचे अख्खे दात, ती फट, ती शीळ, ती कबुतरं, हे सगळं आता जगात एकाच ठिकाणी होतं. मामाच्या कम्प्युटरवर, एका फाइलमध्ये.

आणि आज तो फोल्डर रिकामा होता.

"मामा," मी शक्य तितक्या सहज म्हणालो, "इथल्या फाइली कुठायत?"

"कुठल्या?"

"सगळ्या."

"सगळ्या मी कशाला काढीन? मी फक्त बँकेतल्या बाईंची काढली. त्यांची कवळी मस्त बसली. सफरचंद खाल्लं म्हणाल्या. काम संपलं, फाइल गेली."

"मग बाकीच्या?"

"मला वाटलं तू आवरलंस. म्हटलं, पोरगं कधी नव्हे ते कामाला लागलं."

मी हसलो. कारण कचरापेटी असते. डिलीट दाबलं की फाइल मरत नाही, नुसती कचरापेटीत जाऊन बसते आणि कुणीतरी हाक मारेल म्हणून वाट बघते. ही डिफॉल्ट सेटिंग आहे. डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काही ठरवलं नाहीत तर दुसऱ्या कुणीतरी तुमच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेलं. आमच्या घरी त्याला बायको म्हणतात. मी कचरापेटी उघडली.

कचरापेटी इतकी स्वच्छ होती की तिच्यात बसून जेवता आलं असतं.

"मामा, तू नक्की काय दाबलंस?"

"डिलीट."

"नुसतं डिलीट?"

"नाही, आधी नमस्कार केला, मग डिलीट. अरे गाढवा, डिलीट म्हणजे डिलीट! बाईंचं नाव सगळ्यात खाली होतं, त्यावर क्लिक केलं, तर वरपासून खालपर्यंत सगळं निळं झालं. मला वाटलं आज असं दिसतंय. मग दाबलं."

वरपासून खालपर्यंत निळं. एका फाइलवर क्लिक केल्यावर सगळी रांग निळी होते ती फक्त एकाच कारणानं, शिफ्टची कळ दाबलेली असेल तर. आणि शिफ्ट दाबून डिलीट केलं तर कचरापेटी वगैरे काही नसतं. फाइल थेट वर. मी कीबोर्डकडे पाहिलं. डावी शिफ्ट खाली बसलेली होती, शाळेत ओणवं उभं केलेल्या पोरासारखी. मी ती नखानं उचकटली. खाली गुलाबी मेण.

"ताई."

"काय रे?"

"तुम्ही काल इथं टाइप केलंत?"

"केलं की. हातात मेण होतं आणि तुझे सासरे दारात उभे. माप आलं, नाव टाक म्हणाले. टाकलं."

"म्हणून दुसऱ्या फोल्डरमधल्या त्यांच्या हिरड्यांच्या फाइलचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत आहे का?"

"मोठ्या अक्षरांत आलं खरं. मला वाटलं गार्डसाहेब आहेत, मानानं आलं असेल."

"मला वाटलं तुम्ही चिडलात."

"मी चिडले की मेण फेकते," ताई म्हणाली, "टाइप करत नाही."

एवढं होऊनही फाइली वाचल्या असत्या. कारण कायमचं काही काढताना कम्प्युटर एक प्रश्न विचारतो: तुम्हाला खात्री आहे का? तोही डिफॉल्ट. मामाला असा प्रश्न आला असता तर त्यानं मला हाक मारली असती, कारण मामाला कशाचीच खात्री नसते, तो दुकानाचं कुलूप लावून दोनदा परत येतो. पण तो प्रश्न आला नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्यापुढची खूण मीच काढून टाकली होती. दर वेळी मध्ये मध्ये येतो, वेग जातो. शिवाय मला तो प्रश्न सहनच होत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सासरेबुवांनी शब्दशः तोच विचारला होता. मला नाही, त्यांच्या मुलीला.

तर गुन्हा असा घडला: ताईचं मेण, मामाचं बोट, माझी सेटिंग. तिघांनी मिळून एका माणसाचे दात दुसऱ्यांदा काढले. आणि या वेळी भूल न देता.

मी कंट्रोल-झेड दाबलं. झालेलं मागं घेण्याची ही कळ म्हणजे माझा देव. पण शिफ्ट पुन्हा मेणात बसली होती, आणि शिफ्टसकट कंट्रोल-झेड म्हणजे 'मागं घ्या' नव्हे, 'पुन्हा करा'. म्हणजे मी कम्प्युटरला घाबऱ्या घाबऱ्या सांगत होतो की जे केलंस ते परत कर. नशीब, करायला काही उरलं नव्हतं. ताईच्या सुरीनं मेण खरवडलं आणि पुन्हा दाबलं. या वेळी काम झालं: मी गेल्या आठवड्यात 'लॅब' असं नाव दिलेल्या फोल्डरचं नाव पुन्हा 'नवीन फोल्डर' झालं. दात नव्हते, पण फोल्डर नवीन होता.

मग ओळखीतल्या कम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं डबा उघडला, तारा जोडल्या, आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येणाऱ्या डॉक्टरसारखा चेहरा केला.

"यानंतर मशीनवर काही काम केलंत?"

"नऊ-दहा जणांची स्कॅनं," मी म्हणालो.

"मग जुन्या फाइलींच्या जागेवर ती बसली. तुमची आता निघणार नाहीत. एक मिळालंय फक्त."

आम्ही तिघं स्क्रीनवर वाकलो. काळ्या पार्श्वभूमीवर एक दाढ हळूहळू फिरत होती. एकटीच. अक्कलदाढ.

"कुणाची आहे?" मामानं विचारलं.

"आपल्यापैकी कुणाची नाही, एवढं नक्की," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून माझं जेवण सुटलं आणि सासरेबुवांचं तर आधीच सुटलं होतं. ते रोज लॅबमध्ये यायचे. पातळ काहीतरी पिऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीत ताठ बसायचे. दात नसलेला माणूस बोलतो तेव्हा प्रत्येक वाक्य उसासा टाकल्यासारखं येतं.

"कितवर आलं, जावईबापू?"

"चाललंय, बाबा. अगदी बारीक काम आहे."

"फट नीट येतेय ना?"

"सध्या," मी म्हणालो, "फटच फट आहे."

"कबुतरं माझ्याकडे बघतात आणि मान फिरवतात हो. काल एकानं तर पाठच केली. सरळ पाठ."

खरं सांगून टाकावं असं रोज वाटायचं. तोंड उघडायचो. तेवढ्यात ते म्हणायचे, "तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे," आणि माझं तोंड आपोआप बंद व्हायचं. हीसुद्धा डिफॉल्टच असावी. कुठं बदलायची ते मला सापडलं नाही.

बायकोला मात्र सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "फोटो बघ. लग्नाचे अल्बम आहेत की."

मला एवढा आनंद झाला की तिथंच तिला 'बाईसाहेब' म्हणालो. आम्ही सगळे अल्बम पसरले. मी नवरदेव, शेजारी सासरेबुवा, तोंड घट्ट मिटलेलं. हार घालताना मिटलेलं. जेवताना मिटलेलं, ते त्या दिवशी जेवले कसे देव जाणे. साखरपुड्याला मिटलेलं. ज्या ज्या फोटोत मी होतो, त्या त्या फोटोत त्यांना दात नव्हते.

"तुझ्या आधीचे बघू," बायको म्हणाली.

माझ्या आधीच्या फोटोंत ते भरपूर हसत होते. पण तो काळ असा की फोटो काढणारा काका लांब उभा राहायचा आणि त्याचा हात हलायचा. बाबांच्या चेहऱ्याच्या जागी एक आनंदी धुकं. एकच फोटो स्पष्ट होता, गच्चीवरचा. त्यात ते शीळ घालत होते. ओठांचा चंबू, गाल आत, डोळे आभाळाकडे. दात अर्थातच ओठांच्या मागं.

"हा ठेव," मी म्हणालो, "निदान ओठ तरी बनवू."

तिनं उशी फेकून मारली.

दुसऱ्या दिवशी मी सासुरवाडीला गेलो, कबुतरांना भेटायचं निमित्त करून. गच्चीवर खुराड्याच्या जाळीआड ती दाटीवाटीनं बसली होती. माझ्याकडे पाहून त्यांनी एकसाथ मान फिरवली. बातमी घरात पोचली नव्हती, पण खुराड्यात पोचली असावी. खुराड्याशेजारी दाण्यांचा मोठा पत्र्याचा डबा होता, आणि त्याला जाड प्लॅस्टिकचं घट्ट झाकण. मी उगाच ते हातात घेतलं. काठावर खुणा होत्या.

दातांच्या खुणा.

म्हणजे ते झाकण रोज कुणीतरी दातांनी उघडत होतं. एका हातात कबुतर, दुसऱ्या हातात वाडगा, मग झाकण उघडायला माणसाकडे उरतं काय? पुढचे दात. वरचे चार दात इतके स्वच्छ उमटले होते की आमच्या मशीनलाही इतकं जमत नाही. मी झाकणाला नमस्कार केला. मग ते शर्टात लपवलं, डब्यावर एक थाळी पालथी घातली आणि पोट आत ओढून जिना उतरलो.

खाली सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"जावईबापू, पोटात दुखतंय का?"

"नाही आई. व्यायाम चालू केलाय."

"कधीपासून?"

"जिन्यापासून."

लॅबमध्ये झाकण स्कॅन केलं. फाइल तीन ठिकाणी ठेवली, चौथी ताईच्या फोनवर पाठवली, सेटिंगमध्ये जाऊन तो प्रश्न परत चालू केला. आता कम्प्युटर प्रत्येक वेळी विचारायचा, तुम्हाला खात्री आहे का, आणि मी प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणायचो, नाही.

ताई भिंगातून खुणा बघत होती. "शॉर्टकट, यात फट नाही."

"असेल हो."

"कुठंय? चारी दात खांद्याला खांदा लावून उभे आहेत. आणि पुरुषाच्या मानानं नाजूक वाटतात."

"बाबा स्वभावानं नाजूकच आहेत. आणि फट म्हणजे जिथं खूण नाही ती जागा. झाकणावर खूण नसलेली जागा केवढी आहे बघा."

ताईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं ती फसलेल्या कवळीकडे बघते. पण दात बसवले. फट अंदाजानं ठेवली, मामाच्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी. कार्डावर 'अचूकता हीच ओळख' असं छापलंय. आजवर कुणी ते मोजायला वापरलं नव्हतं.

कवळी बसवायच्या दिवशी दवाखान्यात आम्ही सगळे होतो. डॉक्टरीणबाईंनी ती सासरेबुवांच्या तोंडात सरकवली, चावायला लावलं, आरसा दिला. सासरेबुवा हसले. माझ्याकडे बघून हसले, प्रथमच, आणि तेही मी बनवलेल्या दातांनी.

"ओळखीचे वाटतात," ते म्हणाले.

"वाटणारच, बाबा. तुमचेच आहेत."

"नाही हो, माझे म्हणून नाही. पण रोज बघितल्यासारखे वाटतात."

सासूबाई त्यांच्याकडे जरा वाकून बघत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या पुढच्या दातांवरून हळूच जीभ फिरवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी त्या वेळी यशस्वी होण्यात गुंतलो होतो.

तिथून सगळे थेट गच्चीवर. सासरेबुवांनी जुना गार्डाचा कोट घातला. उन्हात, जाड कोट. खुराड्याचं दार उघडलं. कबुतरं आधी बिचकली, मग एक उडालं, आणि त्याच्यामागं सगळा थवा फडफडत वर गेला. इतके दिवस कोंडलेली होती. एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि पाण्याच्या टाक्यांवरून पलीकडे दिसेनाशी झाली.

"जाऊ देत जरा," सासरेबुवा म्हणाले. "पाय मोकळे करू देत."

कबुतरांचे पाय! पण कुणी हसलं नाही. मग त्यांनी उजवा हात वर केला, जणू हातात झेंडा आहे, छाती भरून श्वास घेतला आणि शीळ घातली.

फुस्स.

"नवीन आहेत," ते म्हणाले. "रुळायला हवेत."

दुसऱ्यांदा आवाज आला. आवाज चांगला होता, मोठा होता, पण त्यांचा नव्हता. दुसऱ्याच कुणाच्या घरात किटली उकळतेय असा. समोरच्या इमारतीच्या मागून थवा आला, एक फेरी मारली आणि पलीकडच्या अँटेनावर जाऊन बसला. ओळीनं. आमच्याकडे पाठ करून.

सासरेबुवांनी हात खाली घेतला नाही. तो वरच राहिला. "ओळखली नाही," ते स्वतःशी म्हणाले. "गाडी सुटली." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती रागानं बघती तर बरं झालं असतं.

मी तोंड उघडलं. या वेळी खरंच सांगणार होतो: मेण, बोट, सेटिंग, झाकण, व्हिजिटिंग कार्ड, सगळं. तेवढ्यात सासूबाई माझ्या बाजूला सरकल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या,

"झाकण कुठंय?"

"कसलं झाकण?"

"जावईबापू, माझ्या दातांच्या खुणा असलेलं झाकण. डब्याचं. कुठंय?"

"तुमच्या?"

"मग काय त्यांच्या? ते आभाळाकडे बघत उभे असतात, डबा कोण उघडतं?"

माझ्या पिशवीत होतं. परत ठेवायला आणलं होतं. मी ते चोरून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डब्यावर ठेवलं, तळव्यानं गच्च दाबलं, एका हातात वाडगा घेतला, दुसऱ्यानं डबा धरला, वाकून काठ दातांत पकडला आणि ओढला.

टॉक.

अँटेनावर एकाच वेळी सगळ्या माना वळल्या.

नेमक्या त्याच क्षणी सासरेबुवांनी तिसरी शीळ घातली. थवा उठला, वळला आणि पंखांचा वारा घालत आमच्या डोक्यांवरून थेट खुराड्याच्या कठड्यावर उतरला. एक, दोन, सगळी. सासरेबुवांनी घड्याळात बघितलं. डोळे भरल्यामुळे त्यांना काटे दिसत नव्हते, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

"बघितलंत, जावईबापू?"

"बघितलं, बाबा."

"आवाज थोडा बदललाय. पण त्यांनी माणूस ओळखला."

"ओळखणारच."

सासूबाई खाली बसून दाणे टाकत होत्या. थोड्या वेळानं सासरेबुवा कोट काढायला खाली गेले, तेव्हा मी सासूबाईंजवळ जाऊन बसलो.

"आई, हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. ते शीळ घालतात, मी झाकण काढते. कबुतरांना दाणे हवे असतात. गाणं कशाला हवंय त्यांना?"

"आणि बाबांना माहीत नाही?"

"गाडीच्या इंजिनाला ड्रायव्हर असतो हे माहीत असून आयुष्यभर शिट्टी फुंकली ना त्यांनी?" त्यांनी वाडगा झटकला. "माणसाला वाटू द्यावं काहीतरी आपल्यामुळे हलतंय म्हणून. तुम्ही बोलणार असाल तर आत्ताच सांगा, मी झाकण घेऊन माहेरी जाते."

"मी काही ऐकलंच नाही."

"छान. आता मी विचारते. माझे दात त्यांच्या तोंडात कसे गेले?"

मी सगळं सांगितलं. कंट्रोल-झेडपाशी त्या हसायला लागल्या, अक्कलदाढीपाशी त्यांनी पदर तोंडात कोंबला.

"म्हणजे आता चाळीस वर्षांनी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मी काही बोलले की ते माझ्याच दातांनी मला उत्तर देणार."

आम्ही दोघं इतके हसलो की एक कबुतर बिचकून उडालं. मग जिन्यावर पावलं वाजली आणि आम्ही दोघंही दाणे टाकायला लागलो.

सासरेबुवा वर आले. चेहरा असा उजळलेला, जणू बढती मिळाली. "ऐका," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी मी यांना टोपलीत घालून नदीपलीकडच्या मैदानावर नेणार. तिथं सगळे कबुतरवाले जमतात. सगळ्यांसमोर सोडणार आणि एका शिळेत परत आणणार. मी कालच शब्द दिलाय."

"दाण्यांचा डबा घ्याल ना बरोबर?" सासूबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा.

"डबा कशाला? शीळ आहे की."

"मी येते सोबत."

"तू कशाला उन्हात? रविवारी तुझी बहीण येणार आहे. मी एकटा जाणार. एकट्यानं केलं तरच त्याला अर्थ."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी झाकणाकडे पाहिलं.

"बाबा," मी म्हणालो, "तुम्हाला खात्री आहे का?"

ते माझ्या सासूबाईंच्या दातांनी भरभरून हसले. "शंभर टक्के."

तेव्हापासून मी झोपलेलो नाही. मैदान मोकळं आहे, लपायला एक झुडूपसुद्धा नाही, मी जाऊन पाहून आलो. झाकणाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून कबुतरांना ऐकवला. त्यांनी मान फिरवली. शेवटी लॅबमध्ये बसून, शिफ्टची कळ दोनदा साफ करून, खालील अर्ज टाइप केला आणि दिसेल त्या प्रत्येक पत्त्यावर पाठवला.

प्रति,
मा. व्यवस्थापक,
फाइल मॅनेजर, कचरापेटी व इतर सर्व नष्टीकरण विभाग.

विषय: डिफॉल्ट सेटिंग पूर्ववत करणेबाबत.

महोदय,

सविनय अर्ज करण्यात येतो की, कायमस्वरूपी कृतीपूर्वी खात्री विचारण्याची आपली सुविधा कम्प्युटरपुरती मर्यादित न ठेवता नदीपलीकडील मैदानासही लागू करावी. येत्या रविवारी अर्जदाराचे सासरे टोपलीचे दार उघडतील, त्या क्षणी आकाशात सर्वांना वाचता येईल अशा अक्षरांत 'तुम्हाला खात्री आहे का?' असा प्रश्न दर्शवावा, आणि 'नाही' हे उत्तर अगोदरच निवडलेले असावे. हे तांत्रिक कारणास्तव शक्य नसल्यास, अर्जदार व त्याच्या सासूबाई यांच्या स्मरणातून या प्रकरणाच्या पहिल्या वाक्यानंतरचा संपूर्ण मजकूर कचरापेटीत न पाठवता थेट काढून टाकावा. पहिले वाक्य मात्र जसेच्या तसे ठेवावे, आणि ते रविवारीही खरे राहील अशी व्यवस्था करून तसे लेखी कळवावे. सोबत झाकणाची साक्षांकित प्रत जोडली आहे. मूळ झाकण वापरात असल्याने पाठवता येत नाही.

आपला विश्वासू,
जावई